पहिल्या ओळीचे गृहस्थ

प्रति,
मराठी पानांची नोंदवही सध्या जे कोणी सांभाळत असतील, त्यांस.

अर्जदार: मी स्वतः. वय वर्षे चोपन्न, शिक्षण नववी, व्यवसाय अर्जलेखन, बसण्याचे ठिकाण नाशिक येथील कचेरीच्या फाटकाबाहेर, डाव्या हाताचे तिसरे टेबल.
ज्यांच्याबाबत: एक गृहस्थ, आता हयात नाहीत. त्यांचे नाव आपल्या नोंदवहीत आहेच, म्हणून येथे पुन्हा लिहीत नाही.
कालावधी: गेल्या शतकाची अखेरची तीन-चार वर्षे व या शतकाची पहिली पाच-सहा.
साक्षीदार: एक, भागाबाई, मखमलाबादकडील फूलवाल्या. दोन, गृहस्थांच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणतो. तिसरा साक्षीदार मीच आहे.
विषय: नोंदवहीतील एका वाक्याची दुरुस्ती होण्याबाबत.

महोदय,

सदर वाक्य इंग्रजीत आहे. वहिनींनी त्याचा अर्थ सांगितला तो असा: "मराठी पाने काढून टाकली आहेत. अक्षरे वाचता येत नाहीत. पाने न तपासता पाठविल्याचे अनुवादकाने स्वतः कबूल केले आहे." संगणकाच्या साऱ्या जगात या गृहस्थांचे नाव एवढ्या एकाच ठिकाणी आढळते, असे त्यांच्या मुलीने शोधून सांगितले. म्हणजे जगाला त्यांच्याविषयी जे काही ठाऊक आहे ते हे वाक्य, आणि ते खोटे आहे. माणूस कसा होता हे सांगितल्याशिवाय ते खोटे का, हे पटणार नाही. अर्ज लांबला आहे तो त्यामुळे.

गृहस्थ ओझरच्या विमान कारखान्यात माहितीपुस्तिकांच्या विभागात होते. परदेशी भाषेतील पुस्तिका येत. त्यांची पाने इंग्रजीत करून कामगारांच्या हाती द्यायची, असे ते काम. प्रत्येक पानाच्या डोक्यावर ते कोणत्या यंत्राचे, कोणत्या आवृत्तीचे, हे लिहिलेले असे. ते वाचल्याशिवाय खालचा मजकूर वाचायचा नाही, अशी तेथील शिस्त होती. निवृत्तीनंतर कारखान्याची बस त्यांना न्यायला येईनाशी झाली, शिस्त मात्र घरी राहायला आली.

पंचवटीत त्यांचे तीन खोल्यांचे घर होते. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या असत. "यात साखर आहे. मीठ नाही." शेजारच्या डब्यावर, "यात मीठ आहे. साखर नाही."

"लग्नाला बत्तीस वर्षं झाली," वहिनी माझ्यादेखत म्हणाल्या. "मीठ कुठलं ते मला कळतं हो."

"तुला कळतं. डब्याला कळतं का?"

बोलण्यातही तसेच. आपण काय बोलणार आहोत ते आधी जाहीर करायचे आणि मग बोलायचे. "पुढील वाक्य तक्रारीचे आहे," असे म्हणून ते क्षणभर थांबत आणि मग सांगत, की चहात आले कमी पडले आहे. फोन उचलला की "मराठी, सावकाश" हे दोन शब्द आधी, हॅलो नंतर. एकदा वहिनींना म्हणाले, "पुढील वाक्य विनोदी आहे. तुझा भाऊ हुशार आहे."

"बरं झालं सांगितलंत," वहिनी म्हणाल्या. "नाहीतर मी बातमीच समजले असते."

अंदाज करणे त्यांना मंजूर नव्हते. अंदाज म्हणजे यंत्राचा आळस, असे ते म्हणत, आणि माणसालाही त्यातून सूट देत नसत. बसस्थानकावर एका जवानाच्या बायकोने, कडेवर मूल, हातात पत्र्याची पेटी, त्यांना विचारले, "भैया, ये देवलाली कॅम्प जाएगी ना?" बसवर ठळक अक्षरांत देवळाली कॅम्प अशी पाटी होती. मी हो म्हणणार, तोच गृहस्थ म्हणाले, "पाटी तो यही कहती है. पाटी सही है या नहीं, पूछना पडेगा. रुकिए." आणि वाहकाकडे गेले.

"काका, पाटी वाचता येत नाय का?"

"येते. पाटी आजची आहे का, एवढंच विचारतो."

वाहकाने मान बाहेर काढून पाटी पाहिली, खाली उतरला, आणि ती उलटी करून लावली. दुसऱ्या बाजूला सायखेडा होते. या खटाटोपात आमची स्वतःची बस निघून गेली. त्याचे त्यांना काहीच वाटले नाही.

माझी व त्यांची ओळख कशी झाली ते आता नमूद करतो, कारण त्यातून पानांचा विषय कळेल.

भागाबाईंची बाजारातली फुले विकायची जागा हलविली होती, त्याबाबतचा अर्ज मी केला होता. माझे टंकलेखन यंत्र दुरुस्तीला होते आणि कचेरीत त्या वर्षी संगणकाचे नवे वारे होते. म्हणून अर्ज एका संगणकाच्या दुकानात टाइप करवून, फ्लॉपीत घालून आम्ही दोघे गेलो. कचेरीतल्या यंत्रातून जो कागद निघाला त्यावर मराठी एक अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरे, कंस, टक्के, उद्गारचिन्हे.

कारकून म्हणाला, "अर्जवाले, हे काय आणलंय? इंग्रजीतून शिव्या घातल्यात का साहेबांना?"

रांगेतले सर्व हसले. भागाबाईंचे तोंड उतरले. मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. तेव्हा मागून एक उंच, किडकिडीत गृहस्थ पुढे आले. "पुढील वाक्य माहितीचे आहे," ते म्हणाले. "हा कागद बिघडलेला नाही. तुम्ही तो दुसऱ्या तक्त्याने वाचताय." त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला, कोणत्या दुकानात टाइप केला ते मला विचारले, आणि ते कंस व टक्के मराठीत वाचू लागले. सावकाश, पण न अडखळता. "मी खाली सही करणार, राहणार मखमलाबाद, गेली अकरा वर्षे सदर जागेवर शेवंती व झेंडू..."

"अगं बया!" भागाबाई ओरडल्या. "ह्ये तर माझंच गाऱ्हाणं हाय! ह्या बाबाला कसं काय ठावं?"

ते वाचत गेले, मी कचेरीच्याच कोऱ्या कागदावर हाताने लिहीत गेलो, आणि अर्ज मुदतीत दाखल झाला. भागाबाईंनी त्यांच्या हातावर दोन गुलाब ठेवले.

"हे कशाबद्दल?" त्यांनी विचारले.

"वाचलं म्हून."

"मजकूर तुमचाच होता," ते म्हणाले, पण गुलाब खिशाला लावून गेले.

नंतर त्यांनी मला समजावले ते असे. यंत्रात अक्षरे नसतातच, फक्त आकडे असतात. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे एका तक्त्यात ठरलेले असते. त्या काळी मराठी अक्षरे विकणाऱ्या प्रत्येक कंपनीचा तक्ता निराळा होता. एकीकडे ज्या आकड्याचा क होतो त्याचा दुसरीकडे ठ, आणि मराठी तक्ताच नसलेल्या यंत्रात टक्का. "मजकूर कधीच चुकत नाही," ते म्हणत. "कोणत्या तक्त्याने वाचायचं ते सांगायचं राहून गेलेलं असतं."

त्यांनी निवृत्तीनंतर अंगावर घेतलेले काम याच जातीचे होते. जगभरचे लोक मिळून बनवितात आणि फुकट देतात अशी एक संगणक-प्रणाली आहे. तिच्यातील प्रत्येक आज्ञेसाठी माहितीचे एक पान असते: आज्ञा काय करते, कशी द्यावी, काय टाळावे. ही पाने इंग्रजीत होती, काही इतर भाषांतही होती, मराठीत नव्हती. गृहस्थांनी ती मराठीत आणायला घेतली. कोणी सांगितले नव्हते. सायखेड्याच्या शाळेत जुने संगणक आले, मास्तरांना त्यातले इंग्रजी उमगेना आणि त्यांनी यंत्रांवर कापड घालून ठेवले, हे त्यांनी पाहिले होते. तेवढे कारण त्यांना पुरले.

पाने भाषांतरित करणे सोपे होते, असे ते म्हणत. ती वाचता येतील अशी ठेवणे अवघड. पहिल्यांदा त्यांनी एका कंपनीच्या तक्त्यात सर्व पाने केली. ती कंपनीच बंद पडली. मग सरकारी तक्त्यात नेली. तो कोणी वापरीना. मग युनिकोड नावाचा सर्व जगाचा सामाईक तक्ता आला, त्यात तिसऱ्यांदा नेली. तरीही पाने दाखविणारे यंत्र त्यांना मराठी समजेना. काही न सांगता मिळालेले पान ते युरोपातल्या तक्त्याने वाचून मोकळे होई. तेव्हा गृहस्थांनी, महोदय, आपल्या, म्हणजे ही प्रणाली सांभाळणाऱ्या संस्थेला पत्रे लिहायला सुरुवात केली. मागणी एकच. पानाच्या पहिल्या ओळीत तक्त्याचे नाव लिहू द्यावे, आणि जेथे ते लिहिले असेल तेथे यंत्राने अंदाज करू नये. अर्जाचा पाठपुरावा कसा करतात हे मला शिकवावे लागत नाही, पण असा पाठपुरावा मीही पाहिला नव्हता. तीन वर्षांनी मागणी मान्य झाली. त्या दिवशी ते फाटकावर आले, म्हणाले, "पुढील वाक्य आनंदाचे आहे," आणि मग जे वाक्य बोलले ते इतके तांत्रिक होते, की आनंद कशाचा ते मला दोनदा विचारावे लागले.

माझा भाग टंकलेखनाचा. हाताने लिहिलेली पाने मी त्यांच्या घरी संध्याकाळी जाऊन संगणकावर उतरवीत असे. भाषेच्या रीतीबाबत मात्र ते माझे ऐकत. ते लिहीत, "फाइलचे नाव दे." मी हात थांबविला.

"साहेब, असं चालणार नाही. 'आपण कृपया फाइलचे नाव द्यावे.'"

"यंत्राला कृपया लागत नाही."

"वाचणारा यंत्र आहे का?"

तीन दिवसांनी ते मला म्हणाले, "पुढील वाक्य माघारीचे आहे. 'द्यावे' ठेवा. 'कृपया' एका पानात एकदाच." तेव्हापासून त्या पानांच्या शिष्टाचाराची जबाबदारी माझी, असे मी धरून चाललो. या जिल्ह्यात अर्जाच्या शिष्टाचाराबाबत माझा शब्द शेवटचा मानतात. ते त्यांनीही मानले, याचा मला अभिमान वाटे.

आता मुख्य घटना.

नवी आवृत्ती अमुक दिवशी गोठणार, त्याआधी पाने आली तर मराठी तिच्यात जाणार, असे आपल्या संस्थेचे पत्र आले. पाने तयार होती. गृहस्थांनी ती स्वतः एकेक करून तपासली होती, याला मी साक्षीदार आहे. मी शेजारी बसून यादीवर खुणा केल्या आहेत. पण पाठविण्याच्या आठवड्यातच त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने तसेही अंधुक दिसे. पडद्यासमोर बसायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. ते पलंगावरून म्हणाले, "अर्जवाले, आता फक्त पाठवायचं आहे. तुम्ही पाठवा."

मी पाठविण्यापूर्वी पाने उघडून पाहिली. प्रत्येकाच्या माथ्यावर तक्त्याच्या नावाची ती ओळ होती, तिरक्या रेघा, तारे आणि इंग्रजी अक्षरे. तिचे महत्त्व मी शेकडो वेळा ऐकले होते. तिला मी हात लावला नाही. पण नाशिकहून मराठीतला एवढा मोठा कागद प्रथमच देशाबाहेर जात होता, आणि त्याच्या डोक्यावर श्री नव्हता. लग्नपत्रिकेवर असतो, वाण्याच्या वहीवर असतो, भांडणाच्या नोटिशीवरही असतो. माझ्या वडिलांनी व मी लिहिलेला एकही कागद श्रीशिवाय फाटकातून आत गेलेला नाही. म्हणून तीन संध्याकाळी बसून मी प्रत्येक पानाच्या अगदी वर, मधोमध, श्री लिहिला, दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा देऊन. त्यांची ओळ त्याखाली सरकली.

हे मी त्यांना विचारले नाही, कारण विचारण्यासारखे काही आहे असे मला वाटले नाही. अर्जात श्री ही ओळ धरत नाहीत. मजकूर श्रीच्या खालून सुरू होतो. पहिली ओळ म्हणजे श्रीच्या खालची, हे आमच्या व्यवसायात सर्वांना माहीत आहे.

"पाठवली का?" त्यांनी विचारले.

"सर्व पाने पाहून, नीट करून पाठवली."

"नीट करून म्हणजे?"

"म्हणजे व्यवस्थित, साहेब."

ते समाधानाने पडून राहिले.

चौथ्या दिवशी उत्तर आले. तोवर आवृत्ती गोठली होती. वहिनी शाळेत इंग्रजी शिकवीत असत, त्यांनी ते मोठ्याने वाचले. सोबत आपल्याकडे पाने कशी दिसली त्याचा नमुना होता, तो मी पाहिला. डोक्यावर तिरका फटकारा असलेला इंग्रजी ए, त्याच्यामागे चार पायांचा एक गोळा, पुन्हा ए, पुन्हा गोळा, पानभर ढेकणांची रांग चालल्यासारखे. श्रीचेही तेच झाले होते.

गृहस्थ पट्टी बांधलेला चेहरा छताकडे करून ऐकत होते. "आपलं एक पान उघड," ते वहिनींना म्हणाले. "पहिली ओळ वाच."

"श्री."

"त्याच्या आधी?"

"आधी काही नाही. श्रीच पहिला आहे. तुमची ओळ त्याच्या खाली आहे."

"दुसरं उघड."

"त्यातही श्री."

यंत्र फक्त पहिली ओळ पाहते. तीत तक्त्याचे नाव नसेल तर खाली शोधत नाही, युरोपातला तक्ता लावते. हे त्यांनीच मागून घेतलेल्या नियमात लिहिले होते. खोलीत आम्ही तिघे होतो, आणि श्री कोणी लिहिला हे तिघांनाही समजले होते. वहिनींनी माझ्याकडे पाहिले नाही.

"पुढील वाक्य," गृहस्थ म्हणाले, आणि थांबले. ते कसले आहे, हे सांगितलेच नाही. इतक्या वर्षांत असे प्रथमच झाले. मग म्हणाले, "अर्जवाले, चहा घेणार ना?"

ते वाक्य कोणत्या तक्त्याने वाचावे, हे मला आजतागायत समजलेले नाही. मी चहा घेतला.

त्याच संध्याकाळी त्यांनी वहिनींकडून आपल्या संस्थेला दोन ओळी लिहवून घेतल्या: चूक माझी आहे, पाने पाठविण्यापूर्वी मी तपासली नाहीत. ज्या माणसाने घरातल्या मिठावरही चुकीची चिठ्ठी लावली नाही, त्याने आयुष्यात एकच खोटी चिठ्ठी लावली, ती स्वतःच्या नावावर. आपल्या नोंदवहीतले वाक्य त्या दोन ओळींवरून लिहिले गेले आहे.

डोळा बरा झाल्यावर त्यांनी सर्व पानांतले श्री अर्ध्या तासात काढून पाने पुन्हा पाठविली. आपले उत्तर असे आले, की अनुवादकाने मागील वेळी न तपासल्याचे कबूल केले आहे, म्हणून यापुढे दुसऱ्या एका व्यक्तीने पाने तपासून आपल्या नावाने तसे लिहून द्यावे. दुसरी व्यक्ती मी होतो. प्रत्येक पान मी उतरविले होते. पण लिहून द्यायचे तर मागील खेपेस काय घडले हेही लिहावे लागले असते. त्या सुमारास माझ्या टेबलावर "संगणकावर मराठी अर्ज करून मिळतील" अशी नवी पाटी लागली होती, आणि फाटकावर माझी पाने परदेशी गेल्याचे बोलले जात होते. गृहस्थांनी मला विचारले नाही. मी आपण होऊन म्हटले नाही. दुसरे कोणी मिळाले नाही. दीड वर्षाने ते गेले.

मध्यंतरी वहिनींकडे गेलो होतो. मुलीने शोधून दिलेले आपले वाक्य त्यांनी कागदावर उतरवून घेतले होते. ते त्यांनी मला वाचून दाखविले, इंग्रजीत आणि मग मराठीत. राग नव्हता. कागद घडी करीत त्या म्हणाल्या, "साऱ्या नाशिकचे अर्ज लिहिता तुम्ही. ह्यांचा कधी लिहिणार?"

तरी विनंती की,

सदर कबुली खोटी असून ती मला वाचविण्यासाठी दिली गेली होती, हे मी समजून-उमजून, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे. पाने अनुवादकाने तपासली होती. ती नंतर बिघडविली, ती मी. मूळ नोंद खोडू नये; तिच्या खाली एवढी दुरुस्ती करावी आणि तीत दोषी म्हणून माझे नाव घालावे. ते सहीसह सोबत जोडले आहे. पाने आजही वहिनींकडे आहेत व वाचता येतात. ती पुन्हा घेता आली तर घ्यावीत. दुसरी तपासणारी व्यक्ती म्हणून मी आता लिहून देण्यास तयार आहे.

आपल्यापैकी कोणास मराठी येत नसल्यास हा अर्ज कोणाकडून तरी वाचून घ्यावा. उत्तर जरूर द्यावे, नकार असला तरी द्यावे. ते माझ्या पत्त्यावर मात्र पाठवू नये. वहिनींच्या पत्त्यावर पाठवावे. त्यांचे वय आता झाले आहे, तेव्हा शक्य तितक्या लवकर.

आपला,
अर्जदार